गाडीच्या तोंडाला काय लावावं? कंपनीचा बंपर, स्टीलचा गार्ड आणि मधले पर्याय

गोव्यात गाडीला पुढून गार्ड कशाला, असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: गुरं. ते खोटंही नाही. पावसाळ्यात चिखल नको म्हणून गुरं डांबरावर येऊन बसतात, आणि वळणावरची काळी म्हैस हेडलाइटच्या उजेडात येईपर्यंत उशीर झालेला असतो. पण त्याच रस्त्यावर पहाटे सायकलला टोपली बांधलेला पदेर (पाववाला) असतो, पिवळ्या मडगार्डचा पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला असतो, शाळेला निघालेली पोरं दगडी गडग्याला चिकटून चालत असतात. गाडीच्या पुढच्या भागात जो बदल कराल, त्याची परीक्षा म्हशीपेक्षा आधी या माणसांवर होऊ शकते. म्हणून खाली प्रत्येक पर्याय आधी बाहेरच्या माणसाच्या बाजूने तोलला आहे, मग गाडीच्या.

कंपनीचा बंपर कमकुवत दिसतो, कारण त्याचं कामच दबण्याचं आहे. आपल्याला दिसतं ते रंगवलेलं प्लास्टिकचं कवच. त्याच्यामागे फोम किंवा पोकळ खणांच्या प्लास्टिकचा थर, त्यामागे आडवा लोखंडी बीम, आणि बीम व चॅसीच्या दांड्या यांच्यामध्ये चुरगळणारे दोन क्रॅश बॉक्स. चालत्या माणसाला धडक बसली की बंपर त्याच्या पायाला गुडघ्याजवळ लागतो, अंग बॉनेटवर कलतं आणि डोकं बॉनेटवर किंवा काचेवर आपटतं. यातला प्रत्येक टप्पा थोडा मऊ राहावा, अशीच मांडणी असते. भारतात एआयएस-100 हा पादचारी सुरक्षेचा निकष कारच्या नव्या मॉडेलना ऑक्टोबर 2018 पासून आणि सगळ्याच मॉडेलना ऑक्टोबर 2020 पासून लागू झाला. भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा मूल्यांकनात 3 किंवा जास्त तारे हवे असतील तर तो पूर्ण करावाच लागतो.

आता हिशेब बघा. गाडी ताशी 40 किमी, म्हणजे सेकंदाला 11 मीटर. फोम आणि कवच मिळून 7 सेंटिमीटर दबले तर पायावरचा झटका सरासरी 90 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 90 पट येतो. दबायला फक्त 1 सेंटिमीटर मिळाला तर तोच झटका 600 जीच्या वर जातो. पादचारी सुरक्षेच्या जागतिक तांत्रिक नियम क्रमांक 9 च्या मूळ रूपात याच वेगाच्या चाचणीत नडगीसाठी मर्यादा 170 जी होती. हा कागदावरचा सोपा हिशेब आहे, पण फरक कुठे पडतो ते यातून कळतं: सहा सेंटिमीटरमध्ये.

स्टीलच्या पाइपचा गार्ड नेमके हेच सहा सेंटिमीटर काढून घेतो. तो चॅसीच्या दांड्यांना ब्रॅकेटने बोल्ट केलेला असतो, म्हणजे पाइपला लागलेला माणूस सरळ गाडीच्या सांगाड्यालाच लागतो, तेही दोन इंच रुंदीच्या रेषेवर. एसयूव्हीच्या गार्डचा वरचा पाइप जमिनीपासून मीटरभर उंचीवर येतो. मोठ्या माणसाची ती कंबर, पहिली-दुसरीतल्या पोराची ती मान आणि डोकं. दुचाकीवाल्याचं आणखी वाईट: बाजूने निसटती धडक बसली तर साधा बंपर घासून सरकतो, पण गार्डचं बाहेर आलेलं टोक हँडल किंवा पाय अडकवून ओढतं.

आतल्या माणसांचाही यात फायदा नाही. क्रॅश बॉक्सने चुरगळायचं, सेन्सरने तो धक्का ओळखायचा आणि एअरबॅग ठरल्या क्षणी उघडायची, ही साखळी कंपनीने गार्डशिवाय जुळवलेली असते. ब्रॅकेटमुळे धक्का वेगळ्या वाटेने सांगाड्यात शिरतो आणि एअरबॅग उशिरा किंवा नको तेव्हा उघडू शकते. नव्या गाड्यांत आपोआप ब्रेक लावणारा रडार ग्रिलच्या किंवा बंपरच्या मागे असतो, आणि त्याच्यासमोर पाइप आला की तो आंधळा होतो.

आणि गुरं? छोट्या कारचा बंपर गाईच्या पायांना लागतो आणि धड बॉनेटवरून काचेकडे येतं. गुडघ्याएवढ्या उंचीचा गार्ड त्यात काहीच करत नाही. उंच गार्ड मोठ्या धडकेत मागे वाकून रेडिएटरमध्येच घुसतो. गुरांवर खरा उपाय वेग हाच आहे. ताशी 60 ला, एक सेकंद भान येण्याचा धरून, कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला साधारण 37 मीटर लागतात, ओल्यावर 50 च्या वर. ताशी 40 ला ओल्या रस्त्यावरही 27 मीटरमध्ये काम होतं.

कायद्याचं थोडक्यात. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड (क्रॅश गार्ड) हे मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 चं, म्हणजे गाडीत फेरफार करण्याबद्दलच्या कलमाचं उल्लंघन असल्याचं कळवलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. न कळवलेला बदल विम्याच्या दाव्यातही आड येतो.

ऑफ-रोड स्टील बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) हा गार्डचाच थोरला भाऊ. जो खरोखर चिखलात गाडी घालतो त्याला विंचचा उपयोग आहे, पण म्हापसा-पणजी करणाऱ्याला नाही. त्याच्या जोडीला गाडी दोन-तीन इंच उचलली की बॉनेटची कडही तेवढीच वर जाते. अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ता सुरक्षा संस्थेच्या 2023 च्या अभ्यासात, 40 इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांनी पादचारी दगावण्याची शक्यता कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटपेक्षा सुमारे 45 टक्के जास्त निघाली.

प्लास्टिकचे ‘गार्ड’ विकत घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. कोपऱ्याला चिकटवायची रबराची पट्टी निरुपद्रवी आहे आणि पार्किंगच्या ओरखड्यांना पुरते. जाड क्रोम दिसणाऱ्या तुकड्याला नखाने टिचकी मारा, मागून हात घाला. आत लोखंडी पट्टी आणि बोल्ट असेल तर तो स्टीलचाच गार्ड समजा. चुंबकावर विसंबू नका, कारण स्टेनलेसच्या बऱ्याच पाइपांना तो चिकटतच नाही. बॉनेटवर उभी शोभेची मूर्ती किंवा झेंड्याची लोखंडी काठी लावू नका, कारण डोकं तिथेच येतं. बंपरवरच्या एलईडी बारने समोरच्या स्कूटरवाल्याचे डोळे दिपतात. त्यापेक्षा कंपनीच्या हेडलाइटची काच पॉलिश करून घ्या आणि झोत तपासून घ्या. खड्ड्यांची आणि दगडांची भीती असेल तर इंजिनखालची प्लेट लावा. ती मागे आणि खाली असते, माणसाला लागत नाही.

एक गोष्ट दिसत नाही म्हणून सांगायलाच हवी: स्वस्तात बदललेला बंपर. छोट्या ठोकरीनंतर बाहेरून कवच नवं लावलं जातं आणि फाटलेला फोम टाकून दिला जातो. रंग जुळतो, गाडी नवी दिसते, मागे मात्र पोकळी आणि थेट बीम. बिलावर ‘बंपर’ एवढंच न लिहिता फोम अ‍ॅब्सॉर्बर वेगळा लिहून मागा, आणि कवच बसवण्याआधी फोटो घ्या. हा तुकडा नसलेली गाडी गार्ड न लावताही निम्मी गार्डासारखीच आहे.

गार्ड आधीच लावलेला असेल तर काढताना बंपरचं कवचही उतरवून घ्या. ब्रॅकेट बसवण्यासाठी फिटर बऱ्याचदा फोम कापतात किंवा बीमला भोक पाडतात. बीम कापलेला असेल तर वेल्डिंग नको, नवा बीम घ्या, कारण वेल्ड केलेली जागा वेगळ्या तऱ्हेने वाकते. चॅसीच्या दांडीवरची उघडी भोकं घासून झिंक प्रायमर मारा, किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत गंज तिथूनच धरतो. सेन्सरच्या वायरी मूळ क्लिपमध्ये बसवा, आणि इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझतो ना, ते गॅरेजमधून निघायच्या आधी बघा.