गाडीच्या सडलेल्या फ्लोअरला ठिगळ : गॅसचं मिग की बिनगॅसचं?

मुंबईत गाडीचा फ्लोअर बऱ्याचदा आतून सडतो. पावसाळ्यात ओल्या चपला-छत्र्यांचं पाणी कार्पेटखाली मुरतं, एसीचा ड्रेन पाइप तुंबला की सीटपुढे डबकं साचतं, आणि कार्पेट उचलेपर्यंत पत्र्याची चाळण झालेली असते. ठिगळ स्वतः लावायचं तर पहिला प्रश्न मशीनचा.

रॉडचं आर्क वेल्डिंग नको. फ्लोअरचा पत्रा जेमतेम ०.७ ते १ मिमीचा. नवशिक्याने रॉड टेकवला की भोक. ऑक्सी-ॲसिटिलीनच्या ज्वाळेवर मुरलेले पत्रावाले सुरेख काम करतात, पण तिची उष्णता लांबवर पसरते आणि फुगलेला पत्रा परत बसवणं ही वेगळी विद्या आहे. उरतं मिग, म्हणजे बंदुकीतून सरकत येणारी वायर वितळवून सांधणारं मशीन: टाक्याला हवेपासून जपणाऱ्या गॅस सिलिंडरचं, नाहीतर तेच काम करणारी पूड (फ्लक्स) पोटात भरलेल्या वायरचं म्हणजे बिनगॅसचं.

पातळ पत्र्याला गॅसचं मिग निर्विवाद सरस. ०.६ मिमीची साधी वायर लावून ३०-५० अँपिअरवर टाका मारता येतो, छर्रे कमी, स्लॅग (टाक्यावर जमणारी खपली) नाही, त्यामुळे चूक लगेच डोळ्यांना दिसते. नुसता सीओटू स्वस्त, पण तडतड जास्त. आर्गॉन मिसळलेला गॅस कमी करंटवर शांत चालतो, शिकणाऱ्याने तोच घ्यावा. याचा शत्रू वारा. उघड्या पार्किंगमध्ये खाडीवरून झुळूक आली की गॅसचं आवरण उडतं आणि टाक्यात मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं पडतात. तो टाका ग्राइंडरने काढूनच टाकावा लागतो, वरून दुसरा मारून भागत नाही.

बिनगॅसच्या मशीनला वारा चालतो, सिलिंडरची ने-आण नाही. पण वायर सहसा ०.८ मिमीच्या खाली मिळत नाही, ती पत्र्यात जास्त उष्णता ओतते. इथे कडेला कड न जुळवता ठिगळ १२-१५ मिमी वर चढवून लावा आणि आर्कचा रोख ठिगळाकडे ठेवा. प्रत्येक टाक्यावरचा स्लॅग तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. तो राहिला तर वरचा रंग सुटतो आणि गंज तिथूनच परत सुरू होतो. नवशिके हमखास विसरतात ती पोलॅरिटी: फ्लक्स वायरला टॉर्च (वेल्डिंगची बंदूक) निगेटिव्ह, गॅसच्या साध्या वायरला पॉझिटिव्ह. उलटी राहिली तर टाका पत्र्यावर गोळी होऊन बसतो. शिवाय जून ते सप्टेंबर फ्लक्स वायरचं रीळ मशीनमध्ये सोडू नका, ती दमट हवा शोषते. हवाबंद पिशवीत ठेवा.

म्हणून बंदिस्त शेड किंवा ओळखीच्या गॅरेजचा कोपरा मिळत असेल तर गॅसचं घ्या. उघड्यावरच करायचं असेल तर बिनगॅसचं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मात्र दोन्ही नको. ग्राइंडरच्या ठिणग्या शेजारच्या गाडीच्या काचेत रुततात, त्या पुसून निघत नाहीत.

पुढचं काम दोन्हींत सारखंच. बॅटरी सोडवा, सीट-कार्पेट काढा, फ्लोअरला चिकटवलेली डांबरी शीट कापाच्या चारी बाजूंनी किमान ६ इंच खरवडा. ती पेट घेते. स्क्रूड्रायव्हर टोचत जा, जिथे रुततो त्याच्या २५ मिमी पुढे, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापा. कापण्याआधी खाली वाकून पाहा: ब्रेकचा आणि इंधनाचा पाइप तिथूनच जातो. गाडी सीएनजीची असेल तर २०० बार दाबाचा गॅस नेणारा पाइपही. तो सीएनजीच्या जाणत्या मेकॅनिककडून रिकामा करून काढल्याशिवाय ठिणगी पाडू नका.

ठिगळ २० गेज सीआर (कोल्ड रोल्ड, बिनमुलाम्याच्या) पत्र्याचं, कोपरे गोल. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा टाळा, जळणाऱ्या जस्ताच्या धुराने ताप भरतो. मूळ फ्लोअरच्या नाळी हव्या असतील तर कुर्ल्याच्या भंगारात त्याच मॉडेलचा कापलेला तुकडा शोधा. दर २५-३० मिमीवर टाका, एक या टोकाला तर पुढचा समोरच्या. हात लावता येईल इतकं गार झाल्यावरच मधली जागा १० मिमीच्या तुकड्यांनी भरा. सलग ओढलंत की पत्रा पापडासारखा वर येतो. पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी ठेवा, काम संपल्यावर अर्धा तास गाडीपाशी थांबा.

सीट बेल्टचा बोल्ट, जॅक लावायची जागा किंवा खालची चॅसिस रेल सडली असेल तर मशीनची निवडच बाजूला ठेवा. ते भाग अपघातात भार झेलतात. ते अनुभवी बॉडीशॉपलाच द्या.

शेवटी अंधारात गाडीखाली टॉर्च धरून आतून पाहा. उजेडाचा ठिपका दिसला तिथे टाका सुटलाय. मग दोन्ही बाजूंनी झिंक प्रायमर, जोडावर सीम सीलर, खालून अंडरकोटिंग, आणि ड्रेन होलचे रबरी बूच नवे. कार्पेट दोन दिवस उन्हात वाळल्यावरच आत टाका.