टाटामोबाइल २०६ : एक पावसाळा, एक हिवाळा आणि आंब्याचा एक हंगाम वापरल्यानंतर

गाडी १९९५ ची आहे. आधीचे मालक एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका. त्यांनी चावीबरोबर सुट्या भागांचं एक खोकं दिलं आणि हाताने लिहिलेली एक जाड वही दिली. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत कोणता पार्ट कधी बदलला, कुठल्या दुकानातून घेतला, कुठला बोल्ट उलट्या आट्याचा आहे, सगळं त्यात आहे. वापरून झाल्यावर माझं मत असं : या गाडीच्या किमतीतला निम्मा वाटा त्या वहीचा होता.

ज्यांना ही गाडी आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) ४०७ हा छोटा ट्रक आणला १९८६ मध्ये आणि पुण्यात बनवलेली ही पिकअप आणली १९८८ मध्ये. पुढे याच पायावर सिएरा, इस्टेट आणि सुमो उभ्या राहिल्या. इंजिन ४८३, म्हणजे चार सिलिंडर, ८३ मिमी बोर (सिलिंडरचा व्यास), १९४८ सीसी, टर्बोशिवाय. सुमोनेही बराच काळ हेच इंजिन ओढलं, म्हणून फिल्टर, गॅस्केट, बेअरिंग, वॉटर पंप यांसाठी आजही कोल्हापुरात वणवण करावी लागत नाही.

माझा वापर : गुळाच्या ढेपा, शेतीचं सामान, मे महिन्यात रत्नागिरीकडून आंब्याच्या पेट्या, आणि अधूनमधून काहीही काम नसताना गगनबावड्यापर्यंत नुसती चक्कर. रिकामी असताना साठ-पासष्टच्या वेगात गाडी खुशीत असते. त्यापुढे ताणली तर आवाज वाढतो, हाती फार काही लागत नाही. पॉवर स्टिअरिंग नाही. बाजारात उभ्या जागी वळवताना खांदे भरून येतात, रस्त्याला लागली की मात्र हाताला हलकी लागते.

आता मुख्य गोष्ट, सकाळचं स्टार्टिंग. हे इंडायरेक्ट इंजेक्शनचं डिझेल आहे. डिझेल थेट पिस्टनवर न उडता हेडमधल्या (इंजिनाच्या वरच्या झाकणातल्या) छोट्या कप्प्यात फवारलं जातं आणि तिथे पेट घेतं. त्यामुळे इंजिनाची खडखड कमी, पण थंड धातू हवेतली उष्णता शोषून घेतो, म्हणून प्रत्येक सिलिंडरला तो कप्पा आधी तापवणारा हीटर प्लग लागतो. डिसेंबरात गाडी सुरू व्हायची, पण पहिला मिनिटभर थरथरायची. काकांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "धूर कसला येतुय? पांढरा का निळा? त्ये सांग आधी." पांढरा होता आणि डिझेलचा उग्र वास होता. निळा असता तर ऑइल जळतंय, काळा असता तर एअर फिल्टर किंवा डिझेल फवारणारं नोझल. गरम झाल्यावरही पांढरा राहिला आणि रेडिएटरमधलं पाणी घटत गेलं तर हेड गॅस्केट. इथे थंडीपुरताच होता, म्हणून संशय हीटर प्लगवर.

तपासायला मेकॅनिकही लागत नाही. चारही प्लगना जोडणारी पट्टी काढायची. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं एकेका प्लगच्या डोक्याला. दिवा लागला तर प्लगची तार शाबूत, नाही लागला तर प्लग मेलेला. माझे दोन मेलेले निघाले. पट्टी परत बसवताना नट फार आवळायचे नाहीत, प्लगचं टोक मोडतं. हे वहीत लाल शाईने लिहिलेलं आहे.

डिझेल फिल्टर बदलल्यावर लाइनमधली हवा काढणं हे दुसरं काम, जे प्रत्येक जुन्या डिझेलवाल्याला आलंच पाहिजे. फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की पंप चालू असतानाच स्क्रू आवळायचा. तरीही इंजिन धरत नसेल तर नोझलकडच्या पाइपांचे नट थोडे ढिले करून स्टार्टर मारायचा, डिझेल झिरपलं की आवळायचे. हात आणि चेहरा लांब ठेवायचा, दाब प्रचंड असतो. आंबा घाटाच्या अलीकडे एका जुन्या सुमोवाल्याची गाडी अशीच बंद पडली होती. दोघांनी मिळून हवा काढली. मला सगळ्यात आनंद याचा झाला की पंप त्याने स्वतः मारला, आता त्याला कुणाची वाट बघावी लागणार नाही.

टायमिंग बेल्टबद्दल, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणाऱ्या रबरी पट्ट्याबद्दल, जरा कडक बोलतो. जुनी गाडी घेतली आणि बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर आधी बेल्ट बदला, मग रंगरंगोटी. रबर नुसतं उभ्या गाडीतही म्हातारं होतं, किलोमीटर कमी झालेत म्हणून ठेवू नका. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उतरवावं लागतं. बेल्टबरोबर तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग आणि पुढचं ऑइल सील पण बघा, कारण गळणारं ऑइल नवा बेल्टही खाऊन टाकतं. एका दुकानातून घेतलेला स्वस्त टेन्शनर काही आठवड्यांतच किरकिरायला लागला. काकांनी बोनेट उघडायच्या आधीच आवाजावरून ओळखला.

घाटात गाडी चढते सावकाश, पण तापत नाही. याचं श्रेय रेडिएटरला : बोअरचं पाणी कधीच घातलेलं नाही, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. उतरताना ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये सोडायची. भरलेल्या गाडीने करूळ घाट नुसत्या ब्रेकवर उतरणं म्हणजे ब्रेकचे लायनर जाळणं.

गंजाशी मात्र रोजची झुंज आहे. गूळ पावसात पाझरतो, तो चिकट थर हौद्याच्या कोपऱ्यात ओल धरून बसतो. प्रत्येक फेरीनंतर फाळका उघडून हौदा धुणं आणि पाणी जायची भोकं काडीने मोकळी करणं, एवढ्यावर पत्रा टिकलाय. चेसिसच्या वरच्या बाजूला साचलेला चिखल सर्व्हिसिंगवाले धूत नाहीत, तो खाली झोपून स्वतः काढावा लागतो. मागच्या स्प्रिंग-पाट्यांचे बुश आणि फाळक्याच्या पिना कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घेतल्या. नमुना हातात दिला की तिथले कारागीर मापात काम करून देतात, या शहराचं हे मोठं वैभव आहे.

कागदपत्रांचा भाग : मालवाहू नोंद असल्याने दरवर्षी आरटीओचं पासिंग. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचं शुल्क एप्रिल २०२२ पासून बरंच वाढलंय, त्यावर पर्यावरण कर. हिशोबात आधीच धरा.

घ्यावी का? रोज पन्नास फेऱ्यांचा धंदा असेल तर नको, नवीन पिकअप घ्या. हाताला ऑइल लागलेलं आवडत असेल आणि शिकवणारं कुणी जवळ असेल तर जरूर. बघायला जाताना इंजिन पूर्ण थंड असताना जा. मालकाने आधीच सुरू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. नोंदी मागा, सुटे भाग मागा आणि फोन नंबर मागा.

बॉडीचे भाग ही खरी अडचण. मागचे मूळ दिवे आणि डॅशबोर्डवरचा टेम्परेचर मीटर मी अजून शोधतोय. कुणाकडे पडून असतील तर सांगा. वहीतली हवी ती पानं बदल्यात फोटो काढून देतो, काकांची परवानगी घेतलेली आहे.