वसतिगृहातली खाट की स्वाधारचे साठ हजार?

निकाल आणि प्रवेशाचे दिवस आले की गावाकडून फोन सुरू होतात. यंदा मामाचा आला. "पोराचा नंबर नागपुरात लागला. होस्टेल पाहू का ते पैसेवालं?" पैसेवालं म्हणजे भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना: अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या पोरांना वसतिगृहाऐवजी बाहेर खोली करून राहायला वर्षाला ठरावीक पैसे. दोन्ही एकदम घेता येत नाही, म्हणून हा प्रश्न. मी अभियांत्रिकीचं पहिलं वर्ष स्वाधारवर काढलं आणि पुढची तीन वर्षं शासकीय वसतिगृहात. माझा कल लपणार नाही, पण माझं तेच तुमचं असेल असंही नाही.

स्वाधारचे नियम आता बरेच सैल झालेत. २०१६-१७ मध्ये योजना आली तेव्हा ६० टक्क्यांची अट होती. माझ्या ताईला बारावीत ५७ टक्के पडले आणि ती बाहेर राहिली. पुढे अट ५० वर आली, दिव्यांगांसाठी ४० वर, आणि मी ५४ टक्के घेऊन आत शिरलो. अभ्यास तिनं जास्त केला होता, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. दुसरी अट अंतराची. सुरुवातीला कॉलेज महापालिका हद्दीपासून ५ किलोमीटरच्या आत लागायचं. नागपुरात ही अट नडायची, कारण इथली निम्मी अभियांत्रिकी कॉलेजं हिंगणा, वर्धा रोड, काटोल रोड अशी शहराबाहेर पसरलेली. आता योजना तालुक्याच्या ठिकाणापर्यंत गेलीय, तिथं वर्षाला ३८ हजार मिळतात.

माझ्या वेळेपर्यंत बदलली नव्हती ती उत्पन्नाची अट. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा २०१३-१४ मध्ये अडीच लाख झाली, आणि मी अर्ज भरला तेव्हाही स्वाधारला आणि वसतिगृहाला तोच आकडा होता. शेजारच्या बाकावरचा खुल्या प्रवर्गातला मित्र राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होता, त्याची मर्यादा ८ लाख. निवड करताना याचा काही उपयोग नाही. पण तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणायला गेलं की हे आठवतंच.

आता पैसे. नागपूरसाठी स्वाधारचे ६० हजार: भोजनाचे ३२, निवासाचे २०, निर्वाहाचे ८. अभियांत्रिकी आणि वैद्यकीयच्या पोरांना साहित्यासाठी वर ५ हजार. ऐकायला भरघोस वाटतं. पण २० हजारांना बारानं भागा, महिन्याला सोळाशे सहासष्ट रुपये येतात. नंदनवनात आम्ही तिघांनी मिळून एक खोली घेतली होती, तिथं माझा वाटा दोन हजारांच्या वर जायचा, वीजबिल वेगळं. मेसचा डबा धरला तर दर महिन्याला बाबांकडून थोडे मागावेच लागायचे. शिवाय मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला निर्वाह भत्ता यातून वजा होतो, हे मला हप्ता पडल्यावर कळलं. हप्ता पडला कधी? फेब्रुवारीत. तोपर्यंत खोलीचं भाडं थांबत नाही आणि मेसवालाही फार दिवस थांबत नाही. बाबांनी सोयाबीन विकून पैसे पाठवले, ते पुढे फिटले, पण त्या पाच-सहा महिन्यांत घरी फोन करायची लाज वाटायची.

वसतिगृहात हातात पैसा येत नाही, निर्वाह भत्त्याचे थोडे सोडले तर. पण ताट समोर येतं. वरण पातळ असतं, पोळी कधी कच्ची, कंत्राटदाराशी भांडणं ठरलेली. सकाळी नळावर रांग. खोलीत चार खाटा आणि पाचवा कुणीतरी पाहुणा. रात्रीची हजेरी. कॉलेज हिंगण्याकडं असेल तर रोजची दगदग. मेट्रोची अॅक्वा लाइन लोकमान्य नगरपर्यंत नेते, पुढे ऑटो. हे सगळं खरं आहे. सगळ्यात वाईट म्हणजे गुणवत्ता यादी लागायला उशीर होतो. कॉलेज सुरू होऊन महिना-दीड महिना झालेला असतो आणि पोरगं कुणाच्या तरी मावशीकडं झोपत असतं. मी पहिल्या वर्षी स्वाधार घेतलं ते याच कारणानं, यादीची वाट पाहायचा धीर नव्हता.

मग फिरलो का? एका सहीसाठी.

स्वाधारला तुम्ही शहरात भाड्यानं राहता याचा पुरावा लागतो, म्हणजे भाडे करारनामा. कागदावर ही साधी गोष्ट. नागपुरात घरमालकाकडून करारनाम्यावर सही घेऊन दाखवा. पहिल्या खोलीचे काका भले माणूस, पण म्हणाले, "सही-गिही मी कोणालेच देत नाही बाप्पा, उद्या महापालिकेचा टॅक्स वाढला तर?" दुसऱ्या ठिकाणी काकू तयार झाल्या. खोली पसंत, भाडं ठरलं, किल्लीही दाखवली. मग विचारलं, "काहून पाहिजे तुले करारनामा? कशाची योजना आहे?" मी नाव सांगितलं. योजनेचं पूर्ण नाव तसं मोठं आहे, पण पहिल्या चार शब्दांतच त्यांना काय समजायचं ते समजलं. खोलीला रंग द्यायचाय, दिवाळीनंतर या, म्हणाल्या. आडनावावरून त्यांना आधी कळलं नव्हतं, हे नंतर लक्षात आलं. आमचं आडनाव दोन्हीकडं असतं.

तिसऱ्या ठिकाणी सही मिळाली, महिन्याला तीनशे रुपये जास्त देऊन. आणि हे एकदाच करून भागत नाही. खोली बदलली की पुन्हा नवा कागद, दरवर्षी पुन्हा अर्ज. ७५ टक्के हजेरीचा दाखला, स्थानिक रहिवासी नसल्याचं शपथपत्र, आधार जोडलेलं खातं ही कामं मी न कुरकुरता केली असती. ती माझ्या हातातली होती. सही दुसऱ्याच्या हातात होती.

दुसऱ्या वर्षी यादीत नाव आलं आणि ट्रंक घेऊन वसतिगृहात गेलो. तिथं कुणी कसली योजना म्हणून विचारलं नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीसाठी गावाहून आई-बाबा आले, गेटवर डबा देऊन गेले, शेजारच्या खाटेवरच्या पोराचे आई-बाबाही तिथंच उभे होते. वरच्या मजल्यावर एमपीएससीवाले दादा होते, त्यांच्या जुन्या नोट्स आणि शिव्या दोन्ही फुकट मिळायच्या. याचे किती हजार धरायचे?

तरी काहींना स्वाधारच बरं पडेल. सख्खे भाऊ किंवा बहिणी दोघंही शिकत असतील तर एका खोलीत दोन रकमा येतात, हिशोब बसतो. कॉलेज शहरापासून फार लांब असेल तरी तेच. ज्यांना रात्री कुठं कामावर जायचं असतं त्यांना हजेरी झेपत नाही. मुलींचं मला अनुभवानं सांगता येत नाही, ताईच्या मैत्रिणी वसतिगृहाच्या बाजूनं बोलतात एवढंच.

मामाला मी म्हटलं, दोन्ही अर्ज ऑनलाइनच आहेत, वसतिगृहाचा पहिले भर. यादीत नाव नाहीच आलं तर स्वाधार आहेच. आणि खोली पाहायला गेलास तर भाडं मागून विचार, पहिले सहीचं विचार. मानेवाड्याकडं एक निवृत्त मास्तर आहेत, माझ्या रूममेटला त्यांनी सही दिली होती. त्यांचा दरवाजा उघडायच्या आधीच ते म्हणतात, "स्टॅम्प पेपर आणला का?"