आर्टवाल्या पोरांना धंदा शिकवणारा दादरचा वीकेंड कोर्स: अर्धा पैसे वसूल, अर्धा टाइमपास

अप्लाइड आर्ट, अॅनिमेशन, फोटोग्राफी, टेक्सटाइल असल्या लाइनमधल्या पोरांसाठी शनिवार-रविवारचा कोर्स आहे, दादर वेस्टला. आमच्या कॉलेजात टायपोग्राफीवर सेमिस्टरच्या सेमिस्टर गेल्या पण बिल कसं बनवायचं ते कुणी एकदा पण सांगितलं नाही, म्हणून फी जरा जास्त वाटूनही मी नाव घातलं.

पैसे वसूल म्हणजे कोटेशनवालं सेशन. शिकवणारी ताई स्वतः पॅकेजिंग डिझायनर, त्यामुळे भाषणबाजी नाही. प्रत्येकाला महिन्याचा खर्च लिहायला लावला, सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन, नेट, लॅपटॉप कधीतरी बदलावा लागणार त्याचे पैसे, मेडिक्लेम आपला आपणच भरायचा तो पण धरून, आणि मग विचारलं महिन्यात कमाईचे दिवस किती? सगळे म्हणाले पंचवीस. ती नुसती हसली. मीटिंगा, पेमेंटचे फॉलोअप, क्लायंटच्या रिप्लायची वाट बघणं हे सगळं काढलं की बारा-पंधरा उरले तरी खूप म्हणे, आणि खर्चाला त्या आकड्याने भागल्यावर बऱ्याच जणांचे चेहरे उतरले कारण आत्ता घेतात तो रेट खर्चाच्या पण खाली होता.

मग निम्मा अॅडव्हान्स, दोनदा चेंजेस फुकट, तिसऱ्यापासून चार्ज, ओपन फाइलचे, म्हणजे बदल करता येणाऱ्या मूळ फाइलचे, वेगळे पैसे, हे सगळं काम घ्यायच्या आधी एका मेलमध्ये कसं लिहायचं त्याची प्रॅक्टिस. त्यात एक मुलगा खोटा-खोटा गणपती मंडळाचा अध्यक्ष झाला होता, "अरे आपलंच मंडळ आहे, बॅनरखाली तुझं नाव टाकतो ना!" आणि समोरच्याने नाही म्हणायचं. हसून हसून वाट लागली, पण नाही म्हणणं किती जड जातं ते तिथे कळलं.

वकिलांचा आवाज झोप आणणारा, पण माल भारी. पैसे देऊन फोटो किंवा पेंटिंग करून घेतलं आणि वेगळा करार केला नाही तर कॉपीराइटचा पहिला मालक क्लायंट! हे फोटोग्राफीवाल्यांना पण माहीत नव्हतं. आणि कॉपीराइट लिहून देताना मुदत टाकली नाही तर कायद्याने ५ वर्षं धरतात, कुठल्या भागापुरता ते लिहिलं नाही तर भारतापुरता.

सीए सरांचा तास ठीकठाक. प्रोफेशनल फीवर कंपनी १० टक्के टीडीएस, म्हणजे पेमेंटमधूनच आधी टॅक्स, कापते ते पैसे गेले असं समजून सोडून देणारी पोरं होती वर्गात, टॅक्स बसत नसेल तर रिटर्न भरून ते परत मिळतात बाबांनो. जीएसटीचं रजिस्ट्रेशन सर्व्हिसवाल्यांना साधारण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर, तोपर्यंत उगाच घाबरायचं नाही.

आता तक्रार. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी साइटवर फुकट होतं, ते असलं की लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पेमेंट करणं क्लायंटला बंधनकारक, नाहीतर व्याज लागतं. फ्रीलान्सरला याच्याहून कामाची गोष्ट कुठली? ती दहा मिनिटांत उरकली, आणि पिच डेक (इन्व्हेस्टरला दाखवायच्या स्लाइड्स), व्हॅल्युएशन (कंपनीची किंमत), इन्व्हेस्टर याच्यावर अख्खी दुपार! माझ्या शेजारची मुलगी साड्यांवर ब्लॉक प्रिंटिंग करते, तिला ते शिकवणारे सर विचारतायत स्केल कसं करणार, म्हणजे धंदा मोठा कसा करणार. ती म्हणाली, सर हात दोनच आहेत. त्यावर सरांकडे उत्तर नव्हतं, पुढची स्लाइड लावली. इथे कुणाला कंपनी विकायचीये, केलेल्या कामाचे पैसे वेळेत मिळाले तरी पुष्कळ.

एसी नको तितका थंड, चहा बरा, नोट्स पीडीएफमध्ये मिळतात आणि मराठीत विचारलं तर मराठीत समजावतात हे खूप बरं. फी दोन हप्त्यांत घेतात, पण ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत. थर्ड इयर-फायनल इयरवाल्यांनी जा, आधीच धंद्यात असाल तर नुसत्या कोटेशनच्या दिवसाचे पैसे भरून बसू देतात का ते विचारून बघा. आणि रविवारी मेगाब्लॉक बघून निघा, उशिरा आलेल्यांसाठी परत सांगत नाहीत.