‘ट्रेन्ट्स लास्ट केस’ की ‘गॉडी नाइट’: आधी कोणती वाचावी?

गुन्ह्याच्या उकलीइतकेच शोध घेणाऱ्याच्या मनात काय चालले आहे हे ज्यांना वाचायचे असते, त्यांना जुन्या इंग्रजी रहस्यकथांतून दोन कादंबऱ्या हमखास सुचवल्या जातात: ई. सी. बेंटली यांची १९१३ सालची ‘ट्रेन्ट्स लास्ट केस’ आणि डोरोथी सेयर्स यांची १९३५ सालची ‘गॉडी नाइट’. दोन्हींपैकी एकीचाही शेवट येथे फोडत नाही.

बेंटली यांची कादंबरी आटोपशीर आहे. मी ती दोन संध्याकाळींत संपवली. फिलिप ट्रेन्ट हा चित्रकार एका वृत्तपत्रासाठी मँडरसन या अमेरिकन धनाढ्याच्या खुनाचा शोध घेतो आणि त्याच्याच विधवेच्या, मेबलच्या, प्रेमात पडतो. आपला निष्कर्ष तो लिहून काढतो, पण वृत्तपत्राकडे न पाठवता तिच्या हाती ठेवून निघून जातो आणि कामाचा धनादेशही मालकाला परत करतो. शोधकाला त्रयस्थ राहू न देण्याचे हे धाडस मला आजही मोठे वाटते.

तरीही एका गोष्टीने माझा रसभंग केला आणि माझ्यापुरता निर्णय तेथेच झाला. परदेशात घालवलेले ट्रेन्टचे तळमळीचे महिने एका छोट्या प्रकरणात उरकले जातात. उलट पुढे खरा घटनाक्रम सांगण्यासाठी दुसरेच एक पात्र बोलू लागते आणि पानेच्या पाने बोलतच राहते. कथन चतुर आहे, यात वाद नाही. परंतु आपला तर्क डोळ्यांदेखत ढासळत असताना ट्रेन्टला काय वाटत असेल, हे जाणून घेण्यासाठी मी थांबलो होतो आणि नेमका तोच श्रोता होऊन बसला होता. दुसऱ्या वाचनातही त्या पानांवर मला तेवढाच कंटाळा आला. कोड्याच्या ओढीने वाचणाऱ्याला कदाचित हीच पाने सर्वांत आवडतील.

‘गॉडी नाइट’चे दोष वेगळे आहेत. ती बरीच लांब आहे, अवतरणे पुष्कळ आहेत, आणि शेवटचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न चक्क लॅटिनमध्ये विचारला जातो. प्राध्यापिका इतक्या, की मिस लिडगेट, मिस हिलयार्ड, मिस डी व्हाइन यांची नावे मी एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात खुणेसाठी ठेवली होती. शिवाय खून नाही; ऑक्सफर्डच्या एका स्त्री-महाविद्यालयात येणारी निनावी पत्रे आणि नासधूस एवढाच गुन्हा.

पण तो गुन्हा हॅरिएट व्हेनच्या वर्मी लागणारा आहे. प्रियकराच्या खुनाच्या आरोपातून सुटलेली ही रहस्यकथालेखिका आपल्या जुन्या महाविद्यालयात परतते, तेव्हा लग्न करावे की अभ्यासात आयुष्य घालवावे हा प्रश्न तिच्यापुढे असतोच. आणि संशय घ्यायचा तो ज्यांच्यासारखे आयुष्य आपल्याला लाभावे असे वाटते त्याच बायकांवर. त्यामुळे प्रत्येक धाग्यासरशी तिला स्वतःच्याच भीतीकडे पाहावे लागते, आणि तपास व मन यांची वेगळी प्रकरणे पाडण्याची गरज लेखिकेला उरत नाही.

नदीवरच्या होडीतला प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. हॅरिएटला वारंवार लग्नाची मागणी घालत आलेला हौशी गुप्तहेर पीटर विम्झी तिने जमवलेली टिपणे वाचण्यात गढलेला असतो आणि हॅरिएट त्याचा चेहरा जवळून, बारकाईने न्याहाळत असते. तो अचानक वर पाहतो आणि ती लालबुंद होते. कबुली नाही, स्पष्टीकरण नाही. पाच वर्षे टाळलेले उत्तर मात्र तिला त्या क्षणी टाळता येत नाही.

हातात एकच शनिवार-रविवार असेल, तर ट्रेन्ट घ्यावा. निराशा होणार नाही. आठवडाभर सवड असेल, तर मी हॅरिएटच सुचवेन, शक्यतो तिच्यावरील खटल्याची ‘स्ट्राँग पॉयझन’ ही १९३० सालची कादंबरी आधी वाचून. आणि नावांची चिठ्ठी महाविद्यालयातल्या पहिल्या मेजवानीपासूनच करायला घ्यावी. मी ती उशिरा सुरू केली आणि मला पन्नासेक पाने मागे जावे लागले.