स्वस्त टॅक्सी आणि सात हजारांची होडी

घासाघीस करण्यात आमच्या घरात माझा हात कुणी धरत नाही. गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात मेथीच्या जुडीवर मूठभर कढीपत्ता फुकट घेतल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. (बिगर-नाशिककरांसाठी: आम्हाला गोदावरी म्हणजे गंगाच.) त्यामुळे थायलंडच्या तरंगत्या बाजारात मी फसले, आणि तेही भाव पाडल्याच्या आनंदात फसले, हे लिहिताना अजूनही कानकोंडं होतं. पण नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्याला व्हिसा माफ झाला तेव्हापासून ओळखीतलं दर तिसरं घर बँकॉकला निघालेलं दिसतंय, म्हणून लिहिते.

आम्ही चौघं होतो: नवरा, सासूबाई, अकरा वर्षांची लेक आणि मी. दामनन सदुआकचा तरंगता बाजार बँकॉकपासून शंभरेक किलोमीटरवर, राचाबुरी प्रांतात. त्याच रस्त्याला मेक्लाँगचा रेल्वेरुळांवरचा बाजार. हॉटेलच्या काउंटरवर दोन्हीचे मिळून गाडीचे 2,500 बाथ सांगितले. बाहेर फुटपाथवर उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्याने 1,200 सांगितले, जाऊन-येऊन, दिवसभर. त्याच्याकडे लॅमिनेट केलेले फोटो होते, थोडं हिंदी होतं, आणि "मम्मी, नमस्ते" म्हणत त्याने सासूबाईंसाठी दारही उघडलं.

"अगं, एवढ्या स्वस्तात का नेतोय, विचार तरी," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आपल्याला स्वस्त मिळतंय ना, मग कशाला खोदून विचारायचं?" हे माझं उत्तर. पुढे जे झालं ते सगळं या एका प्रश्नात होतं, आणि तो मी विचारला नाही.

मेक्लाँगबद्दल तक्रार नाही. रुळाला खेटून मासळी, भाज्या, मिरच्या मांडलेल्या. भोंगा वाजला की दुकानदार डोक्यावरच्या ताडपत्र्या मागे ओढतात, चाकांवरचे पाट सरकवतात, आणि काही टोपल्या तर तशाच खाली राहतात, गाडी त्यांच्या वरून जाते. थाई लोक या बाजाराला छत्री मिटणारा बाजार म्हणतात. तिकीटबिकीट काही नाही. तिथल्या अर्ध्या तासात आमचा त्या ड्रायव्हरवर पक्का विश्वास बसला.

तिथून निघाल्यावर थोड्याच वेळात त्याने गाडी नारळाच्या बागांमधून आत घेतली आणि एका धक्क्यावर थांबवली. मोठा मांडव, पंखे, थंड पाण्याच्या बाटल्या. समोर कालवा. बाजार कुठेही दिसत नव्हता. "मार्केट इनसाइड. ओन्ली बोट गो," ड्रायव्हर म्हणाला. पटलं. तरंगता बाजार म्हणजे होडीनेच जायचं असणार, नाही का?

काउंटरवरच्या बाईने कॅल्क्युलेटरवर 3,000 टाइप करून माझ्यासमोर धरला. माणशी. मी हसले आणि त्यावर 1,000 टाइप केलं. तिने डोळे मोठे केले, 2,500. मी पर्स बंद करून लेकीचा हात धरला आणि दहा पावलं चालले. हे अस्त्र आपल्याकडे कधी वाया जात नाही. तिथेही गेलं नाही. हाक आली, 2,000 वर आलं, लेकीचे अर्धे ठरले. एकूण 7,000 बाथ. तेव्हा बाथ साधारण अडीच रुपयांना पडत होता, म्हणजे साडेसतरा हजार रुपये. नवऱ्याने भुवई उंचावली, पण मी मनात बारा हजारांचे सात केल्याचा हिशेब करत होते (वास्तविक साडेदहा, पण तेवढा फुगवटा चालतो). पावती म्हणून एक चिटोरं मिळालं. त्यावर 7,000 हा आकडा आणि पेनाने काढलेला हसरा चेहरा. ना नाव, ना शिक्का, ना फोन नंबर.

होडीत बसताना कुणीतरी आमचा फोटो काढला. तो पुढे येईलच.

लांबट होडी, मागे गाडीचं इंजिन, आणि बोलणं अशक्य करणारा आवाज. पहिली दहा मिनिटं मजा आली, खोटं कशाला बोलू. खांबांवरची लाकडी घरं, दारात कुंड्या, पायरीवर भांडी घासणारी बाई. मग होडी थांबायला लागली. आधी नारळाच्या गुळाचं दुकान. मग लाकडी हत्ती आणि पंख्यांचं. मग गळ्यात अजगर घालून फोटो काढून देणारा माणूस. एका ठिकाणी दुकानदारीणबाईने लांब काठीच्या आकड्याने आमची होडी ओढून स्वतःच्या ओट्याला लावली आणि 900 बाथची पर्स सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. चाळीस मिनिटं अशी गेली. खऱ्या बाजारात आम्हाला मिळाली जेमतेम वीस.

त्या वीस मिनिटांबद्दल मात्र चार शब्द चांगले लिहायलाच हवेत, कारण ज्यांनी आम्हाला लुबाडलं ती माणसं ही नव्हेत. ताडाच्या पानांची टोपलीसारखी टोपी घातलेली एक आजी होडीत बिडाचं आप्पेपात्र घेऊन बसली होती. हो, आप्पेपात्रच! त्यात तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, वर कांद्याची हिरवी पात. खनोम क्रोक म्हणतात त्याला. कडेने कुरकुरीत, मध्ये मऊ. मी नोट दिली तर तिने ती नोट कढईवर, पात्रावर, पिठाच्या डब्यावर टपटप आपटली. लेक घाबरली, नोट खोटी निघाली की काय. सासूबाई मात्र हसल्या. "भवानी झाली तिची," म्हणाल्या. आपल्याकडे पहिली नोट कपाळाला लावतात, तिथे मालावर आपटतात. तिने सुटे पैसेही मोजून परत दिले.

नंतर आम्ही कालव्यावरच्या पुलावर फोटो काढायला चढलो, आणि तिथून दिसला रस्ता. डांबरी, रुंद. बाजाराच्या तोंडाशी टूरच्या बसगाड्या, व्हॅना आणि टॅक्स्या रांगेने उभ्या. माणसं गाडीतून उतरत होती आणि कालव्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांच्या वाटेने सरळ चालत बाजारात शिरत होती. फुकट. पुलावरच सुरतचं एक कुटुंब भेटलं. त्यांनी बाजारातल्याच धक्क्यावरून वल्ह्याची होडी घेतली होती, माणशी 200 बाथ. मी आमचा आकडा सांगितला नाही. नवऱ्याने सांगितला.

आता हे चालतं कसं, ते ऐका. बाजाराच्या अलीकडे कालव्याच्या काठाने असे खाजगी धक्के आहेत. ड्रायव्हर गिऱ्हाईक तिथे आणून सोडतो आणि होडीच्या पैशांतून आपला हिस्सा घेतो. म्हणून त्याला 1,200 मध्ये दिवसभर फिरवणं परवडतं. टॅक्सीचं भाडं हे आमिष, होडी हा गळ. 3,000 चे 2,000 होणार हे त्या बाईला मी पर्स बंद करण्याआधीच माहीत होतं. मी घासाघीस केली ती चुकीच्या जागी, जिथे बाजूला दुसरं दुकानच नव्हतं.

गंमत म्हणजे हा कालवा 1866 ते 1868 मध्ये खणला गेला तो मेक्लाँग आणि था चीन या दोन नद्या जोडून लोकांची ये-जा सोपी व्हावी म्हणून, आणि दामनन सदुआक या नावाचा अर्थच सोयीने जाणं. कुणाची सोय, ते आम्हाला कळलं.

तुम्ही जाणार असाल तर बँकॉकच्या साई ताई माई या दक्षिणेकडच्या बस टर्मिनलवरून तिकडे बस आणि मिनीव्हॅन सुटतात. टॅक्सीच करायची असेल तर बसण्याआधी ठरवून घ्या की गाडी बाजाराच्या पार्किंगमध्ये जाईल, कुठल्याही धक्क्यावर नाही, आणि वाटेत मोबाइलच्या नकाशावर लक्ष ठेवा. आमचा निळा ठिपका बाजारापासून चांगला दूर होता, पण नकाशा उघडून पाहिलाच कुणी? होडीचा भाव माणशी आहे की अख्ख्या होडीचा, हे आधी विचारा. सकाळी लवकर पोहोचा, दुपारी बाजार ओसरतो. पर्यटकांची गर्दी नको असेल तर अम्फवाचा बाजार शुक्रवार ते रविवार संध्याकाळी भरतो, तिथे थाई कुटुंबंच जास्त असतात असं सगळे सांगतात. पुढच्या खेपेला तिथेच जाणार. आणि टुरिस्ट पोलिसांचा 1155 हा नंबर धक्क्यावर उभं असतानाच लावा. आम्ही हॉटेलवर येऊन लावला. पलीकडचा माणूस सभ्यपणे बोलला, पण धक्क्याचं नाव, टॅक्सीचा नंबर, पावती असं तो विचारत गेला आणि आमच्याकडे होता फक्त हसरा चेहरा.

परत धक्क्यावर उतरलो तेव्हा आमचा तो फोटो चिनी मातीच्या बशीवर छापून तयार होता. 200 बाथ. मी फणकाऱ्याने पुढे निघाले, पण सासूबाईंनी पदराच्या गाठीतून पैसे काढून बशी घेतली. "एवढे गेलेत, निदान काहीतरी हाती लागू दे," म्हणाल्या. ती आमच्या शोकेसमध्ये आहे. चौघंही हसतोय, मी सगळ्यात जास्त. पाहुण्यांनी विचारलं की नवरा सांगतो, बशी सात हजार दोनशेची आहे.