विकत घेतलेली १४० गाणी

२००५ ते २००७ या काळात, न्यू जर्सीत असताना, मी एका ऑनलाइन दुकानातून (नाव नको, ते केव्हाच बंद पडलंय) गाण्यामागे ९९ सेंट मोजून १४० गाणी घेतली. झाले १३८ डॉलर ६० सेंट. पावतीवर 'खरेदी' असंच लिहून यायचं, म्हणून मीही ती माझीच समजत होतो.

२००८ मध्ये नवा लॅपटॉप घेतला. गाण्यांचं फोल्डर पेनड्राइव्हवरून त्यात टाकलं. गाण्यावर क्लिक केलं की चौकट यायची, 'लायसन्स मिळवत आहोत'. पट्टी अर्ध्यापर्यंत सरकायची आणि तिथेच अडकायची. नेटचा घोळ समजून दोन रात्री राउटर बंद-चालू करण्यात घालवल्या. मग मेलच्या ढिगात दुकानाचं पत्र सापडलं: गाण्यांची कुलपं उघडणारा सर्व्हर बंद केलाय, जुन्या कॉम्प्युटरवर गाणी चालतील, नव्यावर नाही. गाणी माझ्या घरात, किल्ली त्यांच्या खिशात, आणि ते गेले निघून!

फुकट गाणी उतरवणाऱ्या रूममेटच्या एमपीथ्री मात्र कुठेही वाजायच्या. तो काय हसला असेल ते विचारू नका.

त्या वर्षी मोठ्यांकडेही हेच चाललं होतं. ३१ ऑगस्ट २००८ नंतर आपल्या एमएसएन म्युझिक या दुकानाच्या गाण्यांना नव्या कॉम्प्युटरसाठी किल्ल्या मिळणार नाहीत, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. ओरड झाल्यावर मुदत २०११ पर्यंत वाढवली. याहूने ३० सप्टेंबरला दुकान गुंडाळलं, पण गिऱ्हाइकांना निदान कूपनं तरी दिली. मला तेही नाही.

शेवटी जुन्या कॉम्प्युटरवर आठ ऑडिओ सीडी 'बर्न' केल्या, म्हणजे गाणी त्यांवर लिहिली (तिथे कुलूप राहत नाही), आणि त्यांवरून ती परत उतरवून घेतली. आवाज थोडा चपटा झाला. नावं सगळी पुसली गेली, 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२'. ती बसून टाइप केली.

आता गाणी विकत घेताना मी आधी एकच घेतो, ते दुसऱ्या प्लेअरमध्ये, नेट बंद करून वाजवून बघतो, आणि मगच बाकीची. तुम्हीही तसंच करा. साधी, बिनकुलपाची एमपीथ्री किंवा फ्लॅक (आवाज न घटवता साठवणारी फाइल) मिळत असेल तर उत्तम. आणि महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या अ‍ॅपमधलं 'डाउनलोड' म्हणजे खरेदी नव्हे. वर्गणी थांबली की ती गाणीही बंद.

तिसरी सीडी बर्न होताना मध्येच अडकली होती. त्यातलं एक गाणं राहूनच गेलं, आणि नंतर जुना कॉम्प्युटरही गेला. फाइल अजून आहे, चार एमबीची. दर नव्या लॅपटॉपवर मी ती न चुकता कॉपी करतो.